चार बोअरचं आयुष्य

'इंजिनकाम' हा शब्द आपण फार सहज वापरतो. "गाडीचं इंजिनकाम काढलंय" असं कुणी म्हटलं की समोरच्याचा चेहरा जरा पडतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "किती खर्च सांगितला?" पण त्या कामात नेमकं होतं काय, ते करतं कोण, आणि ही विद्या आपल्या कल्याण-शहाडच्या पट्ट्यात आली कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही. बाबांच्या आरएक्स शंभरचं इंजिन मी गेल्या वर्षी पुन्हा बांधून घेतलं. (नातेवाइकांच्या कानावर ते गेलं असेलच. काहींनी कपाळावर हातही मारून घेतला असेल!) त्या निमित्तानं तीन-चार महिने एका मशीन शॉपच्या खेपा झाल्या आणि डोक्यात हे प्रश्न सुरू झाले. म्हणून आज थोडं लांबलचक पुराण. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनीही वाचून बघा, कारण गोष्ट गाडीपेक्षा माणसांची जास्त आहे.

सुरुवात जेम्स वॉटपासून करावी लागेल. वॉटनं १७६९ साली वेगळ्या कंडेन्सरच्या वाफेच्या इंजिनाचं पेटंट घेतलं, एवढं आपण शाळेत वाचलेलं असतं. त्यानंतर बरीच वर्षं ते इंजिन मोठ्या आकारात धड चालत नव्हतं, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही. कल्पना बरोबर होती, पण सिलिंडर गोल नव्हता! पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधल्या फटीतून वाफ निसटायची. ती फट बुजवायला वॉटनं नाना प्रकारच्या गोष्टी कोंबून पाहिल्या. जॉन स्मीटनसारख्या नावाजलेल्या इंजिनिअरचं तर मत होतं की इतकं अचूक यंत्र बनवतील असे कारागीरही नाहीत आणि तशी हत्यारंही नाहीत.

मग जॉन विल्किन्सन आला. हा लोखंडाचा कारखानदार. तोफांच्या नळ्या अचूक कोरण्याच्या पद्धतीचं पेटंट त्यानं १७७४ मध्ये घेतलं होतं. तीच विद्या पुढे नेऊन त्यानं सिलिंडर कोरायचं मशीन उभं केलं. त्यात कोरणारा दांडा सिलिंडरच्या आरपार जायचा आणि दोन्ही टोकांना पक्का धरलेला असायचा, त्यामुळे तो मधेच वाकायचा नाही. १७७६ मध्ये वॉटच्या भागीदारानं, मॅथ्यू बोल्टननं, लिहून ठेवलंय की पन्नास इंची सिलिंडरमधली चूक कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीसुद्धा नव्हती. म्हणजे मिलिमीटरभर धरा. आज त्याला कुणी दारात उभं करणार नाही, पण त्या काळी तो चमत्कार होता. त्यानंतर वॉटचं इंजिन चालायला लागलं आणि पुढचं सगळं जग बदललं.

मला ह्या गोष्टीत मजा वाटते ती अशी, की इंजिनाच्या इतिहासात अगदी पहिल्यापासून दोन माणसं आहेत. एक इंजिन डोक्यात पाहणारा आणि दुसरा ते भोक गोल करून देणारा. पहिल्याचं नाव शाळेच्या पुस्तकात येतं. दुसरा बहुतेक वेळा पुलाखालच्या एखाद्या गाळ्यात सापडतो.

आता आपल्याकडे येऊ. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली आणि १८५५ मध्ये वाशिंदपर्यंत. म्हणजे शहाडवरून रूळ जाऊन आता १७० वर्षं झाली. इंजिनं विलायतेहून यायची, पण मोडायची इथे! त्यामुळे रेल्वेला कारखाने काढावेच लागले. १८७९ मध्ये परळचा, १९१५ मध्ये माटुंग्याचा. धातू तासणं, कोरणं, मोजणं हे शिकलेली मुंबई भागातली पहिली मोठी पिढी ह्या कारखान्यांत तयार झाली. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आपली व्हीजेटीआय, सुरू झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथे शिकवायचे. पुढे १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी उभी केली. साताऱ्याला १९२२ मध्ये कूपर आले, पुण्याला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. मोटारींचं म्हणाल तर जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिचा कारखाना कुर्ल्याला. तिथूनच पुढे फियाट आणि मग पद्मिनी बाहेर पडली.

आणि शहाड? शहाडच्या आजूबाजूला दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या छावण्या होत्या. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. छावणीचा 'कॅम्प' हा शब्द लोकांच्या तोंडी आजही तसाच आहे. एक नंबर, दोन नंबर, असं करत पाच नंबरपर्यंत. रिकाम्या हातांनी आलेल्या त्या लोकांनी जे मिळेल ते दुरुस्त करून विकायची, जे बाजारात नाही ते बनवून द्यायची सवय ह्या भागाला लावली. नंतर पन्नाशीच्या दशकात शहाडला सेंच्युरी रेयॉन उभी राहिली. पलीकडे मोहने-आंबिवलीला एनआरसी होतीच.

रेयॉनचा आणि मोटरसायकलच्या इंजिनाचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. व्हिस्कोसचा धागा काढताना ते घट्ट द्रावण बारीक छिद्रांतून एकसारखं ढकलावं लागतं. त्यासाठी छोटे छोटे गिअर पंप असतात. त्या पंपात जरा ढिलाई आली तर धागा जाड-बारीक होतो. म्हणून असल्या कारखान्याला स्वतःचं वर्कशॉप ठेवावंच लागतं. लेथ, मिलिंग, ग्राइंडर, आणि मिलिमीटरच्या शतांशात विचार करणारी माणसं. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानंतर आयटीआयची पोरं अशा कारखान्यांत शिकाऊ म्हणून लागायची. जी कायम झाली नाहीत ती बाहेर पडून कुणाच्या तरी गाळ्यात उभी राहायची. जी कायम झाली त्यांतली काही निवृत्तीनंतर स्वतःचा लेथ टाकायची. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, मग डोंबिवलीची वसाहत, आणि ह्या हातांना आणखी काम मिळालं. १९९४ मध्ये प्रीमियरच्या कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ सुद्धा बनायला लागली होती. ती फार टिकली नाही. एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. कारखाने गेले तरी त्यांनी शिकवलेली बोटं मात्र ह्या भागात राहिली.

मी ज्या काकांकडे गेलो ते असेच. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. "नाव लिवून काय करतोस, गिऱ्हाईक आधीच लई हाय" असं म्हणतील. एका कारखान्याच्या टूल रूममध्ये तीस वर्षं काढून त्यांनी गाळा टाकला. मालमत्ता म्हणजे एक लेथ, एक बोअरिंग मशीन, एक होनिंगचं, आणि काचेच्या कपाटात कापडात गुंडाळलेली मोजमापाची हत्यारं. कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला! मुरबाड-शहापूरकडचे शेतकरी पाण्याच्या पंपाची इंजिनं घेऊन यायचे, कल्याणचे रिक्षावाले यायचे, टेम्पोवाले यायचे. आणि शनिवारी संध्याकाळी यायची मोटरसायकलवाली पोरं. ह्यांना गाडी नुसती चालायला नको असायची, पळायला हवी असायची.

ही पळायची हौस आली कुठून, त्यालाही इतिहास आहे. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर पन्नाशीच्या दशकापासून शर्यती व्हायच्या. पण सामान्य घरातल्या पोराच्या हातात खरा वेग आला तो ऐंशीच्या दशकात. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सनं राजदूत ३५० आणली, ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सुरुवातीच्या मॉडेलला तीस हॉर्सपॉवर. ती महाग होती आणि पेट्रोल प्यायची. मग १९८५ मध्ये आली आरएक्स शंभर. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर. आकडा लहान वाटतो ना? आता गुणोत्तर बघा. प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं आणि ताकद ४० हॉर्सपॉवर. म्हणजे लिटरमागे जेमतेम ३७. आरएक्सची लिटरमागे ११२!

ह्या ११२ मागे एक विलक्षण गोष्ट आहे. पूर्व जर्मनीत त्शोपाऊ नावाच्या गावी एमझेडचा कारखाना होता. तिथे वॉल्टर काडेन नावाचा इंजिनिअर तुटपुंज्या साधनांत टू-स्ट्रोक इंजिनांवर काम करत होता. सायलेन्सरचा पाईप मधे फुगवून पुढे पुन्हा निमुळता केला, तर त्यातून परत फिरणारी दाबाची लाट निसटून चाललेलं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, हे त्यानं पद्धतशीरपणे वापरून दाखवलं. १९६१ पर्यंत त्याचं १२५ सीसीचं इंजिन २५ हॉर्सपॉवर द्यायला लागलं, लिटरमागे २००. त्याच वर्षी त्याचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळून गेला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. जाताना विद्या घेऊन गेला. १९६२ मध्ये सुझुकीवर बसून तो ५० सीसी गटात जगज्जेता झाला. तिथून ते ज्ञान जपानी कंपन्यांत पसरलं, आणि यामाहामार्फत शेवटी आपल्याकडच्या पोरांच्या बुडाखाली येऊन पोचलं. शीतयुद्धाचा असाही एक धागा मुरबाड रोडवर येतो, हे मला तरी फार गमतीचं वाटतं.

आता प्रत्यक्ष कामाकडे. आरएक्सच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव पण ५० मिलिमीटर. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा कोरायचा आणि मोठा पिस्टन टाकायचा. ह्यालाच बोअर करणं म्हणतात. पिस्टन पाव-पाव मिलिमीटरनं मोठे मिळतात, ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. असे चार बोअर. त्यानंतर आतली बिडाची स्लीव्ह इतकी पातळ होते की ती काढून नवी बसवावी लागते.

पोरांची समजूत अशी की बोअर केला की गाडी उडते. मी घरी बसून हिशेब केला. ५० मिलिमीटरला ९८.१७ सीसी. चौथ्या बोअरला, म्हणजे ५१ मिलिमीटरला, १०२.१४ सीसी. चारही बोअर संपवून मिळकत किती, तर चार सीसी! मग गाडी उडते ती कशामुळे? काकांना विचारलं तर म्हणाले, "अरे, आधी ती गळत होती. आता गळत नाही. तुला वाटतं ताकद वाढली. वाढली नाही, परत आली." विल्किन्सननं वॉटला नेमकं हेच करून दिलं होतं, अडीचशे वर्षांपूर्वी.

काकांच्या कामाची शिस्त सांगण्यासारखी आहे. पहिली गोष्ट, पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉकला हात लावायचा नाही. डब्यावर ५१ लिहिलेलं असलं तरी प्रत्येक पिस्टन दुसऱ्यापेक्षा शतांशभर इकडेतिकडे असतो. म्हणून आधी पिस्टन मायक्रोमीटरनं मोजायचा, तोही ठरलेल्या जागी, स्कर्टच्या खालच्या बाजूला, पिनच्या काटकोनात. मग त्या पिस्टनसाठी बोअर. शेवटचे काही शतांश मशीनवर कोरायचे नाहीत, ते होनिंगच्या दगडांनी काढायचे, म्हणजे भिंतीवर तिरप्या जाळीसारख्या बारीक रेघा पडतात आणि त्यात तेल धरून राहतं. पिस्टन आणि भिंत यांच्यात जागा सोडायची साधारण चार-पाच शतांश मिलिमीटर. माणसाचा केस सात शतांशाच्या आसपास असतो. म्हणजे केसापेक्षाही कमी!

ही जागा हाच सगळा खेळ. पिस्टन ॲल्युमिनियमचा, स्लीव्ह बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. जागा कमी ठेवली तर घाटात पिस्टन भिंतीला धरतो आणि चाक जागच्या जागी थांबतं. जास्त ठेवली तर गाडी खडखडते आणि ताकद गळते. ज्याला इंजिन जोरात पळवायचंय त्याला उष्णता जास्त, म्हणून जागाही किंचित जास्त लागते. त्यामुळे काका आधी विचारायचे, "गाडी कोण चालवणार? कशी चालवणार?" माप पुस्तकातून नाही, माणसाकडे बघून ठरायचं. शिवाय टू-स्ट्रोकच्या भिंतीत खिडक्या असतात, पोर्ट. बोअर झाल्यावर त्यांच्या कडा धारदार होतात आणि त्यात रिंग अडकून तुटते. त्या कडा हातानं मारून द्याव्या लागतात. हे काम बिलात कधीच दिसत नाही आणि ते केलेलं नाही हे पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये कळतं!

आता मुख्य प्रश्न. बाबांच्या गाडीचे तीन बोअर झालेले होते. बाबा १९९२ पासून ती कामावर न्यायचे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, पावसाळा, सगळं तिच्यावर. ते गेल्यानंतर गाडी जिन्याखाली होती. माझ्या मावसभावाचं म्हणणं, "आता शेवटचा बोअर मार, एक्झॉस्ट पोर्ट वर उचल, हेड घासून कॉम्प्रेशन वाढव, रेसचा पाईप लाव. एकदाच, पण मजा आली पाहिजे." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पोर्ट वर उचलला की तो लवकर उघडतो आणि इंजिनाची ताकद वरच्या आरपीएमला सरकते. वर गेल्यावर गाडी अंगावर येते. पण खाली, तिसऱ्या गिअरमध्ये दुधाची पिशवी हँडलला लावून शांतपणे जाताना जी ओढ लागते, ती जाते. आणि पोर्ट एकदा वर गेला की खाली येत नाही. धातू काढता येतो, लावता येत नाही. (मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा मुद्दा वेगळाच. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला ते परवानगी देत नाही.)

काकांना दोन्ही बाजू सांगितल्या. त्यांनी ब्लॉक हातात घेतला, उजेडाकडे धरून आत पाहिलं आणि म्हणाले, "तुझा बाप ही गाडी कधी पिळत नव्हता. बघ, झीज सगळीकडे सारखी हाय." मला त्या वेळी काही बोलता आलं नाही. सिलिंडरची झीज म्हणजे चालवणाऱ्याच्या स्वभावाची नोंद असते, हे मला माहीत नव्हतं. मग म्हणाले, "चौथा बोअर मारून देतो, दोन तासांचं काम. पण मला विचारशील तर स्लीव्ह टाक. परत पन्नासवर आण. माझ्यानंतर ह्याच्या खिडक्या जुळवून कोण देणार हाय तुला?"

त्यांचा मुलगा नाशिकला संगणकावर चालणाऱ्या मशीनवर काम करतो. कुशल आहे, पगार चांगला आहे. पण तिथे एकाच मापाचे हजारो भाग निघतात. एकाच जुन्या ब्लॉकसाठी एकच स्लीव्ह बनवायची, खिडक्यांची उंची जुन्या स्लीव्हवरून उतरवायची, ब्लॉक तापवून ती बसवायची, थंड झाल्यावर पुन्हा मोजायचं, हे काम ज्याला परवडतं असा माणूस आता शोधावा लागतो. रिक्षा सीएनजीवर गेल्या, पंप विजेवर गेले, नव्या स्कूटरमध्ये तर पिस्टनच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी गेल्या तेव्हा सगळ्यांनी गाडीबद्दल हळहळ लिहिली. त्या गाड्यांच्या इंजिनांवर ज्यांची घरं चालली त्या बोअरिंगवाल्यांबद्दल माझ्या तरी वाचनात काही आलं नाही.

मी स्लीव्हच टाकली. पोर्टची उंची कंपनीची तीच ठेवली. फक्त ओतकामात राहिलेले आतले खडबडीत उंचवटे साफ केले, गॅस्केटच्या कडा जुळवल्या, क्रँकला नवी बेअरिंग आणि सील. 'परफॉर्मन्स' म्हणायचं तर एवढंच. पण इंजिन ज्या मापावर १९९२ मध्ये होतं त्या मापावर ते परत आलं आणि ११ चे ११ घोडे जागेवर आहेत. मावसभाऊ नाराज झाला, मग एक चक्कर मारून आला आणि काही बोलला नाही :)

एक गोष्ट मात्र ह्या सगळ्यातून मनात पक्की झाली. आपण इंजिनाचं आयुष्य वर्षांत मोजतो, किलोमीटरमध्ये मोजतो. खरं ते किती धातू शिल्लक आहे ह्यात मोजायचं असतं. आणि एखाद्या गावाच्या विद्येचंही तसंच असावं. रेल्वेचा कारखाना हा एक बोअर, लष्कराची छावणी आणि निर्वासित हा दुसरा, रेयॉनचे कारखाने तिसरा, गल्लीतले गाळे हा चौथा. प्रत्येक वेळी जुनं झिजलं आणि उरलेल्या भिंतीत नवा पिस्टन बसला. आता ह्या पुढे नवी स्लीव्ह कोण टाकणार, ते मला दिसत नाही. नाशिकला शिकलेला तो मुलगा कदाचित टाकेल, आपल्याला कल्पना नाही अशा एखाद्या रीतीनं.

तुमच्या गावात असा एखादा गाळा असेल, किंवा घरात कुणी परळला, माटुंग्याला, कुर्ल्याला किंवा शहाड-मोहन्याच्या कारखान्यांत टूल रूममध्ये होतं असं असेल, तर जरूर लिहा. विशेषतः काका-मामा मंडळींनी. ते शतांश कुठे शिकले, कुणाकडून शिकले, आणि पुढे कुणाला शिकवले, एवढं जरी लिहून ठेवलंत तरी खूप झालं.